बांधावरची हाक

॥ श्री ॥
अर्धापूर,
ता. ८ जुलै २००२

चि. सौ. पार्वतीस आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

सृष्टीला तुझ्या दारात सोडून आमचे हे परवा सांजच्याला परत आले. पोरगी रडली का म्हून इचारलं, तर म्हणले न्हाई, उलट गच्चीवरून सगळं लातूर दिसतंय म्हून खूश हाय. मला बरं वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कामून बोलू. मला न्हाई बरं वाटलं. जरा रडायला पाहिजे होतं तिनं.

तुला सगळं ठाऊक हाय, तरी लिहिते. भूकंपाच्या पहाटे आपली महानंदा आणि तिचा नवरा किल्लारीकडच्या त्या घरात गाडले गेले, तेव्हा ही पोरगी माझ्या कुशीत होती. गणपतीला आली होती. विसर्जन झालं की महानंदा न्यायला येणार होती, मीच म्हणले राहू दे चार दिस जास्ती. तवापासून ती माझ्यापाशीच. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते आपल्या घरात खरं झालं. पण मावश्या दोन असल्या तर पोर कुणापाशी ऱ्हावी, हे त्या म्हणीत सांगितलेलं न्हाई.

आता सगळ्या महाराष्ट्राची पोरं लातूरला शिकायला यायलीत म्हणे, तर आपली कामून मागं ऱ्हावी, म्हून पाठवली. दोन वर्षांची उसनवारी हाय ही, ध्यानात ठेव. तिला गरम भाकरीचा पापुद्रा आवडतो, वरचा, तेल-चटणी लावून. आणि तुझ्या दुखण्याचं नीट कळव. हैदराबादचे डॉक्टर रक्ताचा कॅन्सर म्हणले आणि लगेच घाबरू नका बी म्हणले, हे कसलं बोलणं? औषध काय दिलं ते लिही.

रामलिंगरावांस नमस्कार. माझ्यावर लोभ हायच, तो वाढव. पोरीवरचा बेतानं कर.

तुझी,
आक्का


लातूर,
ता. २५ ऑगस्ट २००२

ति. सौ. आक्कास पार्वतीचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. फोनवर बोललीस त्यापेक्षा पत्रात जास्त भांडलीस, त्यावरून तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. पापुद्र्याचं म्हणशील तर तुझी भाची आता पोळी खाते. सकाळी सहाच्या क्लासला जाताना भाकरी पोटात जड होते म्हणाली. मी काही शिकवलं नाही हो, तिचं तिनंच ठरवलं.

माझ्या दुखण्याचं विचारलंस. डॉक्टर दोनदा सांगून थकले, शेवटी सृष्टीनं समजावलं. अंगात रोगाशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या माझ्या रक्तात नको तेवढ्या झाल्यात. मी म्हटलं, मग चांगलंच की, जास्त लढतील. तर ती म्हणाली, आमच्या क्लाससारखं आहे ते. हॉलमध्ये पोरं कोंबलेली, पटावर सगळ्यांची नावं, पण पेपर समोर आला की लिहिणारं कुणी नाही. आणि जी खरी अभ्यासू चार-दोन असतात, त्यांना बसायला बाक उरत नाही. तसं माझ्या रक्ताचं झालंय. गर्दी भरपूर, कामाचं कुणी नाही. त्यामुळं साधा सर्दी-खोकलाही माझ्या छातीत उतरू शकतो.

औषध विचारशील तर सध्या काहीच नाही. रक्त तपासत राहायचं आणि वाट बघायची. हा रोग सावकाश चालतो, कुणाकुणात वर्षानुवर्षं नुसता बसून राहतो म्हणतात. आपल्याला रोग म्हटला की गोळी लागते, त्यामुळं ह्यांना मुळीच पटलेलं नाही. नियम मात्र पुष्कळ आहेत. लग्नकार्य, जत्रा, बाजार बंद. कापून ठेवलेली फळं बंद. कुणी शिंकलं की मी स्वयंपाकघरात पळायचं.

आणखी एक. सृष्टी मला आई म्हणायला लागलीय. क्लासमधल्या मैत्रिणींना सगळी कहाणी सांगत बसण्यापेक्षा सोपं पडतं म्हणाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच सांगते. मनाला लावून घेऊ नकोस.

दाजींस नमस्कार. धाकटीवर रागावलीस तरी माया तोडू नकोस.

तुझी,
पार्वती


॥ श्री ॥
अर्धापूर,
ता. १२ नोव्हेंबर २००२

चि. सौ. पार्वतीस आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी करून तुझ्याकडून नीट घरी पोचले. खोकला अजून हाय. नातवानं दिलेला, तो लातूरला बी घेऊन हिंडले. तू सुंठीचा काढा करून दिलास, रोज माझ्या पाठीला तेल चोळलंस, लई बरं वाटलं. तिथवर सगळं गोड.

आता जे पोटात हाय ते लिहिते. भाऊबीजेच्या दिवशी मी तुझ्या बाहेरच्या खोलीत बसले होते. सृष्टी क्लासवरून आली, चप्पल काढली, माझ्याकडं बघून हसली, आणि आई, आई करत तुझ्याकडं आत गेली. तू डाळिंब सोलत होतीस. तिनं तुझ्या हातातून ते घेतलं आणि दाणे काढून तुलाच भरवायला लागली. मी बाहेर बसून खोकत होते. तुम्हा दोघींना ते ऐकू बी आलं न्हाई.

पार्वती, मी तिच्या वेण्या घातल्या, गोवरात उशाशी बसले, शाळेत तिच्या नावापुढं कुणाचं नाव लावायचं म्हून मास्तरांशी भांडले. एकदा, लहान असताना, ती मला आई म्हणली होती. मीच न्हाई म्हणू दिलं. म्हणले, तुझी आई महानंदा, मी मावशी. ती जागा मी रिकामी ठेवली होती, रोज झाडून-पुसून ठेवावी तशी. तू आलीस आणि दोन महिन्यांत तिथं बसलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते याला.

मला जळतंय. थोरल्या बहिणीनं असं लिहू नये, ते बी आजारी बहिणीला, हे मला कळतंय. पण जळतंय.

खोकला गेला की राग बी जाईल, तवर लोभ सांभाळून ठेव.

तुझी,
आक्का


लातूर,
ता. ६ जानेवारी २००३

ति. सौ. आक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र मला दवाखान्यात मिळालं. तू गेलीस आणि दोनच दिवसांत मला थंडी वाजून ताप भरला. छातीत कफ, श्वास पुरेना. न्यूमोनिया निघाला. ह्यांनी कॉटशेजारी बसून पत्र वाचायला सुरुवात केली, आणि ‘मला जळतंय’ इथं आल्यावर थांबले. उरलेलं मी नंतर माझं वाचलं.

शेजारच्या सालेहाभाभी मीठ-मिरच्या घेऊन आल्या. म्हणाल्या, मागंही बहीण येऊन गेली तेव्हा तुम्ही पडला होता, नजर आहे ही. मी ओवाळू दिल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, दृष्ट वगैरे काही नाही, बहीण प्रेमानं आली पण खोकला घेऊन आली. दुसऱ्या माणसाला तो चार दिवस त्रास देतो आणि जातो. तुमच्या अंगात त्याला अडवणारं कुणी नाही.

दृष्ट असती तर बरं झालं असतं आक्का. काढून टाकली असती. आता तुझं येणंच थांबवावं लागतंय. तुझ्या शिवमूर्तीच्या लग्नालाही आम्हाला येता येणार नाही. सृष्टीलाही पाठवत नाही. पाचशे माणसांत हिंडून ती काय घेऊन येईल सांगता येत नाही. ती करवली होणार होती हे मला माहीत आहे. भाच्याला माझा आशीर्वाद सांग.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
पार्वती


॥ श्री ॥
अर्धापूर,
ता. २० फेब्रुवारी २००३

सौ. पार्वतीस.

लग्न पार पडलं. करवलीचा कऱ्हा कुणाच्याच हातात दिला न्हाई, मांडवात पाटावर ठेवला. ज्यानं त्यानं इचारलं, सृष्टी कुठाय. मी म्हणले, तिच्या आईनं पाठवली न्हाई.

तुझ्यासाठी येणं बंद कर म्हणलीस, केलं. पण रोगाचं नाव सांगून पोर अडवून ठेवलीस, हे मला कळत न्हाई असं समजू नको. रोज त्या क्लासच्या गर्दीत जाऊन येती ती चालती, आणि माझ्या मांडवात आली की रोग व्हतो? अकरावीची परीक्षा झाली की तिला परत पाठव. बारावी नांदेडला करील. इथं बी क्लास निघालेत.

तारामती


लातूर,
ता. २ एप्रिल २००३

ति. सौ. मावशीस सृष्टीचा शि. सा. नमस्कार.

मावशी, हे पत्र लिहू नको अशी शपथ मला पार्वतीमावशीनं घातली होती. ती मोडते आहे. पार्वतीमावशी दवाखान्यात आहे आणि अवस्था बरी नाही. काका फोनवर तुला, तिला नुसता ताप आहे, एवढंच म्हणाले. खरं मी सांगते.

मागच्या महिन्यात क्लासमध्ये माझ्या बाकावरच्या मुलीला कांजिण्या आल्या, मग मला आल्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं काही झालं तर मला त्याच दिवशी दुसऱ्या घरी हलवायचं. काका तुला फोन करायला निघाले होते. तिनं अडवलं. म्हणाली, अंगावर देवी असताना लेकरू वेस ओलांडत नसतं, आपल्यात कधी कुणी ओलांडली नाही. आणि आक्काला अन् मला लहानपणी एकदमच येऊन गेल्यात, त्या परत येत नसतात. काकांना तिनं डॉक्टरांकडंही जाऊ दिलं नाही. माझ्या अंथरुणावर लिंबाचा पाला पसरला, उंबऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः माझ्याशेजारी झोपली.

माझ्या खपल्या पडल्या आणि तिच्या पाठीवर पुरळ आलं. मग सगळ्या अंगावर, मग छातीत. डॉक्टर म्हणतात, एकदा कांजिण्या आल्या की रक्त ते लक्षात ठेवतं आणि पुन्हा येऊ देत नाही. पण तिचं रक्त ते विसरलंय. या रोगात असं होतं. मी हेच तर शिकते, मावशी. मला माहीत होतं. पण मला ताप होता, आणि कपाळावरचा तिचा हात मला हवा होता. म्हणून मी गप्प बसले.

तिनं वेशीचं कारण सांगितलं. पण तुझं फेब्रुवारीतलं पत्र तिच्या उशीखाली होतं. एकदा अर्धापूरला गेली की मी परत येणार नाही, असं तिला वाटत होतं.

तू ये. खोकला नसेल तरच ये.

तुझी,
सृष्टी


लातूर,
ता. २४ एप्रिल २००३

ति. सौ. आक्कास शि. सा. नमस्कार.

हाताला अजून सुई आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय. जगले. आता ताप नाही. रक्तात जे संरक्षण उरलं नाही ते बाटलीतून चढवतायत, आणि कॅन्सरच्या गोळ्याही आता सुरू करणार आहेत. वाट बघायचे दिवस संपले.

तू आली होतीस. तोंडाला पदर लावून दाराच्या काचेतून बघत होतीस. तुला वाटलं मी झोपलेय. मी डोळे किलकिले करून तुलाच बघत होते. तू सृष्टीचा हात धरला होतास. आक्का, श्वास पुरत नव्हता, अंगाची आग होत होती, आणि एवढ्यातही ते दिसलं तेव्हा मनात आलं, पोरीनं हात सोडवून घ्यावा. म्हणजे बघ, रोग झाला तरी हा स्वभाव जात नाही.

तुझ्यापाशी दोन मुलगे, सुना, नातू, केळीच्या बागा, बारा गावची माणसं. माझ्यापाशी हे आणि गच्ची. पोर मला आई म्हणाली तेव्हा मी ते पत्रात मुद्दाम लिहिलं होतं. तुला लागावं म्हणून. आणि देवी अंगावर असताना वेस ओलांडायची नसते हे मी म्हटलं, ते देवाला भिऊन नाही. तुला भिऊन म्हटलं. तू तिला नेशील म्हणून.

आता ने तिला. डॉक्टर म्हणतात, क्लासला जाणारं लेकरू आणि मी, एका घरात नको. तू जिंकलीस.

राग असला तर असू दे, पण उत्तर दे.

तुझी,
पार्वती


॥ श्री ॥
अर्धापूर,
ता. १ मे २००३

चि. सौ. पार्वतीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

जिंकलीस म्हणे. काय जिंकले मी? काचेला नाक लावून उभी व्हते, बहीण पलीकडं, आत जाता येईना.

आता नीट वाच आणि तोंड वर करून बोलू नको. पोरगी लातुरातच ऱ्हाईल. आयती लागलेली घडी हाय, बारावीच्या वर्षाला हलवायची न्हाई. क्लासजवळ पोरींचं वसतिगृह हाय, ह्यांनी जागा बघून ठेवली. ना तुझ्यापाशी, ना माझ्यापाशी. आपल्या दोघींच्या भांडणात ती बिचारी गोफणीतला धोंडा झाली होती.

आणि तू इकडं यायचं. घरी न्हाई, घरी नातवंडं हायत, त्यातलं एक तरी कायम शेंबडं असतं. आपल्या आखाड्यावर, शेतातल्या घरात. दोन खोल्या हायत, चुना मारून घेतला. माणूस-काणूस कुणी न्हाई, चहूबाजूनं केळी. मी तुझ्यापाशी ऱ्हाणार. गोळ्यांनी मळमळतं म्हणे, तर गरम भाकरी मी करून घालीन. रामलिंगरावांनी शनिवारी यावं, सोमवारी कामाला जावं. डॉक्टरांना मी सृष्टीकडून फोन करून इचारलं. ते म्हणले जागा चालंल, पण माती-शेणात, कुजलेल्या पाल्यात हिचा हात नको, पाणी उकळून, आणि ताप आला की तासाभरात नांदेडचा दवाखाना. जीप दारात उभी ठेवली हाय.

माय गेली तेव्हा तू कडेवर होतीस, माझ्या. महानंदा तर पाळण्यात. तुझं नाक कुणी पुसलं? सृष्टी नंतर आली. त्या दिवाळीला मी बाहेर बसून खोकत होते तेव्हा मला वाटलं, पोर तिनं घेतली म्हून मला जळतंय. काचेपाशी उभी ऱ्हाऊन कळलं, तसं नव्हतं. दुखण्यात तू पोरीच्या हातचं डाळिंब खाल्लंस आणि मला काही मागितलं न्हाईस. त्यानं जळत व्हतं.

यायचं का न्हाई ते इचारत न्हाई, बुधवारी जीप येती.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
आखाडा, अर्धापूर,
ता. १९ जानेवारी २००४

चि. सृष्टीस तारामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीला येऊन गेलीस, तुझी सर्दी गेली का? अभ्यासापायी जेवण टाळू नको. वसतिगृहातली भाकरी कशी असती ते मला ठाऊक हाय, शेंगदाण्याची चटणी जीपवाल्याकडं दिली.

तुझी पार्वतीमावशी बरी हाय. बरी म्हणजे, वजन जरा वाढलं, मागच्या तपासणीत ती पांढरी गर्दी उतरली म्हणले. पण अंगात लढणारं कुणी उभं ऱ्हायलेलं न्हाई, हे ऱ्हाणारच म्हणले. म्हून माझी चौकी चालूच हाय. हदगावचं लग्न झालं, मुखेडचं बारसं झालं, मी एकाला बी गेले न्हाई. लोक म्हणायलेत तारामतीला गर्व झाला. म्हणू द्या. सुना पण आखाड्यावर येताना आधी बांधावरून नाक दाखवतात, वाहत नसलं तरच आत घेते. तुळशीला पाणी बी मीच घालते, तिला मातीत हात लावू देत न्हाई. ती चिडती. म्हणती, पेशी मेल्या पण मी जिती हाय. मी म्हणते, तसंच ऱ्हा.

भांडतो बी रोज. तुझं पत्र आलं की आधी कुणी फोडायचं यावर परवा अर्धा दिवस अबोला होता. मग तिनं फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. मधलं एक वाक्य गाळलं, मला कळलं. ते तिच्याबद्दलचं असणार. नंतर मी चोरून वाचलं. तसंच व्हतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. त्या दिवशी तुला सर्दी होती म्हून तू बांधाच्या पलीकडंच उभी राहिलीस, शहाणी हाईस. तिळगूळ तिथंच दगडावर ठेवलास. आणि तिथून हाक मारलीस, आई म्हून. आम्ही दोघी अंगणात तांदूळ निवडत व्हतो. ती उठायला लागली, आणि मी बी उठले. कशी उठले मला कळलंच न्हाई. मग दोघी तशाच उभ्या. मला लाज वाटली, मी खाली बसायला लागले.

तर ती आधी बसली. सूप मांडीवर ओढून घेतलं, मान खाली घातली, आणि म्हणली, आक्का, तुला मारली हाक, जा. 

ती खोटं बोलली, हे मला कळतंय. तू हाक कुणाला मारलीस ते बी कळतंय. तरी मी बांधाकडं आले. चालताना चप्पल बी घालायची ऱ्हायली, तू बघितलंच. मागं वळून पाहिलं तर ती तांदूळ निवडत व्हती, तेच ते निवडलेले.

तू मला कधी खरं सांगू नको.

अभ्यास कर, दोघींवर सारखा लोभ ठेव. सारखा जमला न्हाई तर तिच्यावर जास्ती ठेव, तिला गरज हाय.

तुझी मावशी,
तारामती